नवीन बांधलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स लवकर बिघडला, तर खोलण्याआधी हे बघा

गिअरबॉक्स बांधून पंधरा दिवस झाले नाहीत तोच गाडी पुन्हा स्लिप मारायला लागली (रेस वाढते, पण गाडी ओढत नाही), असा फोन आला की मी आधी एवढंच सांगतो: गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा. "हळूहळू घरापर्यंत आणतो की," असं समोरचा म्हणतोच. नका आणू. घसरणारा क्लच (एकमेकांवर दाबून गिअर पकडणाऱ्या प्लेटांचा संच) हळू चालवून वाचत नाही. घसरताना तो जळतच असतो. त्या जळालेल्या प्लेटांचा काळा भुगा तेलाबरोबर व्हॉल्व्ह बॉडीत (क्लचांना तेल वाटणारा भाग), सोलेनॉइडमध्ये (त्याचे विजेवर चालणारे व्हॉल्व्ह), तेल गार करणाऱ्या कूलरमध्ये फिरतो आणि एका क्लचचं काम अख्ख्या बॉक्सवर जातं.

दुसरं सांगतो ते असं की गाडी माझ्याकडं येईपर्यंत कुणाला तेल काढू देऊ नका, स्कॅनर लावून कोड (गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेले बिघाडाचे क्रमांक) पुसू देऊ नका. नवीन बांधलेला बॉक्स बिघडतो तेव्हा कारण बहुतेक वेळा बांधणीतलं असतं, आणि त्याच्या खुणा गाडी चालू असतानाच दिसतात. बॉक्स टेबलावर आला की जळालेली प्लेट दिसते, ती का जळाली ते दिसत नाही.

बीडला बार्शी नाक्याकडं माझं गॅरेज आहे. पुढं जे लिहितोय ते टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकसाठी, म्हणजे इंजिन आणि बॉक्स यांना तेलातून जोडणारा कन्व्हर्टर असलेल्या. एएमटी, सीव्हीटी, डीसीटी या ऑटोमॅटिकच्या दुसऱ्या प्रकारांची रचना वेगळी, त्यांना हे जसंच्या तसं लावू नका.

केजकडच्या एका गुरुजींची गाडी गेल्या उन्हाळ्यात आली. सहा गिअरचा बॉक्स, दुसऱ्या शहरात बांधून घेतलेला, त्यानंतर साडेसहाशे किलोमीटर चाललेली. गुरुजी म्हणाले, "घाटात तिसऱ्यात टाकते आणि नुसती रेस होते, गाडी ओढत नाही." मी विचारलं, सकाळी गार असताना? "सकाळी एकदम झकास." रिव्हर्स कसा पडतो? गुरुजी थांबले. म्हणाले, "हां, शाळेतून निघताना मागं घेतो तर दोन-तीन सेकंद लागतात. मला वाटलं नवीन आहे म्हणून." तिथंच माझं अर्धं काम झालं. ते कसं, हे पुढं सांगतो. मालकाला निवांत बसवून चहा देऊन विचारा: कोणत्या गिअरला होतं, गार असताना की गरम झाल्यावर, पाय हलका असताना की दाबल्यावर, रिव्हर्स आणि डी टाकल्यावर गाडी किती वेळानं पकडते. उत्तरं वहीत लिहा. स्कॅनर यातलं निम्मंसुद्धा सांगत नाही.

मग तेल. ऑटोमॅटिकचं तेल इंजिन ऑइलसारखं बंद गाडीत बघायचं नसतं. बहुतेक बॉक्समध्ये ते इंजिन चालू ठेवून, सपाट जागेवर, ठरलेल्या तापमानाला बघतात. तेल बघायची काडी नसलेल्या बॉक्सला खाली ओव्हरफ्लोचा बोल्ट असतो. तो कोणत्या तापमानाला उघडायचा ते कंपनीच्या पुस्तकात असतं, आणि ते तापमान स्कॅनरवर बघूनच उघडायचा. मे महिन्यात आमच्याकडं सावलीत उभी गाडीसुद्धा चटकन त्या तापमानाच्या वर जाते. मग तेल फुगलेलं असतं, जास्तीचं समजून हाताखालचं पोरगं ते सोडून देतं आणि बॉक्स उपाशी राहतो. बांधणीनंतर कमी तेल राहायचं दुसरं कारण म्हणजे कन्व्हर्टर आणि कूलरचे पाइप रिकामे असतात. भरल्यावर इंजिन चालू करून प्रत्येक गिअरमध्ये काही सेकंद थांबायचं, मग पुन्हा पातळी बघायची. हे राहिलं तर गिअर उशिरा पकडतो, वळणावर किंवा चढाला स्लिप होते, पंप कण्हतो. तेल जास्त झालं तरी दुखणं तसंच दिसतं, कारण फिरत्या भागांनी घुसळून त्याचा फेस होतो आणि फेसानं दाब बनत नाही.

तेल बोटावर घेऊन बघा, वास घ्या. जळका वास आणि काळा रंग असेल तर क्लच गेलाय. गुलाबी दुधासारखं असेल तर रेडिएटरमधल्या कूलरमधून कूलंट शिरलंय. त्या बॉक्सच्या प्लेटांवर भरवसा ठेवू नका, पाण्यानं त्यांचा कागदी थर सुटतो. आणि तेलाचा डबा कोणता वापरला ते विचाराच. टोयोटाचं डब्ल्यूएस, ह्युंदाईचं एसपी-फोर, डेक्स्रॉन सहा, ही एकमेकांच्या जागी सरसकट टाकायची तेलं नाहीत.

आता स्कॅनर. पी ०७०० हा फक्त निरोप आहे: गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडं कोड आहे, तिकडं बघा. पी ०७३१ ते पी ०७३५ म्हणजे अनुक्रमे पहिल्या ते पाचव्या गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, पी ०७३६ म्हणजे रिव्हर्सचं. पी ०७४१ कन्व्हर्टरच्या लॉकअपचा (कन्व्हर्टरला इंजिनाशी थेट जोडणारा आतला क्लच). गुरुजींच्या गाडीत ०७३३ होता, तिसरा गिअर.

पण कोडच्याही आधी एक विचारा. बांधणीनंतर कॉम्प्युटरची जुनी शिकवण पुसली होती का? कॉम्प्युटरला जुन्या झिजलेल्या क्लचची सवय असते. किती वेळ, किती दाबानं तेल सोडायचं ते त्यानं त्या झिजलेल्या प्लेटांवरून शिकलेलं असतं. नव्या प्लेटांवर तोच हिशोब लावला की कुठं दणका बसतो, कुठं दोन गिअरच्या मध्ये आरपीएम उडतो. बॅटरीची तार काढून ठेवली म्हणजे पुसलं जातं असं नाही, पुष्कळ गाड्यांत स्कॅनरनंच पुसावं लागतं. मग तेल गरम करून, कंपनीनं सांगितलेल्या पद्धतीनं, सगळे गिअर वर-खाली होतील अशी गाडी फिरवायची. बॉक्स उतरवायची तयारी करून आलेल्या गाड्या मी एवढ्यावर बऱ्या झालेल्या बघितल्यात. त्याच वेळी बॅटरीचा व्होल्टेज, अर्थिंगची तार, बॉक्सचा कनेक्टर नीट बसलाय का, पिनांवर तेल आलंय का, आणि इंजिनाचं माउंटिंग (रबरी आधार) फाटलंय का हेही बघा. फाटक्या माउंटिंगचा दणका हुबेहूब गिअरच्या दणक्यासारखा लागतो.

ट्रायल मी सोलापूर-धुळे महामार्गावर मांजरसुंब्याकडं मारतो. पालीपर्यंत साधा रस्ता, बिंदुसरा धरण मागं टाकलं की पुढं घाट. एका फेरीत दोन्ही गोष्टी कळतात. सपाटीला साठ ते ऐंशीच्या वेगात, पाय हलका ठेवून, गाडी खडबडीत पट्ट्यांवरून चालल्यासारखी थरथरली तर डाव्या पायानं ब्रेक नुसता टेकवायचा (मागं गाडी नसताना). ब्रेकचा स्विच लागला की लॉकअप सुटतो. थरथर त्याच क्षणी गेली तर दुखणं लॉकअपचं: चुकीचं तेल, कन्व्हर्टर किंवा त्याचा व्हॉल्व्ह. घाटात ओझं पडतं, तिथं क्लचची परीक्षा होते. पोरगं शेजारी बसून गिअर, तापमान, आरपीएम लिहीत जातं.

आता गुरुजींच्या रिव्हर्सकडं येतो. ऑटोमॅटिकमध्ये प्रत्येक गिअरला वेगळा क्लच नसतो. दोन-तीन क्लच-ब्रेक वेगवेगळ्या जोड्यांनी पकडून गिअर बनतात, आणि कोणत्या गिअरला कोण पकडतं याचा तक्ता प्रत्येक बॉक्सचा मिळतो. तो तक्ता भिंतीवर लावा. सहा गिअरच्या बऱ्याच बॉक्समध्ये तिसरा, पाचवा आणि रिव्हर्स यांना एक क्लच सामाईक असतो. गुरुजींचा तिसरा घसरतो, रिव्हर्स उशिरा पडतो, आणि ट्रायलला पाचवाही घसरला. पहिला, दुसरा, चौथा, सहावा ठणठणीत. म्हणजे पंप चांगला, फिल्टर चांगला, मुख्य दाब चांगला. दोष त्या एका क्लचच्या वाटेवर. शिवाय फक्त गरम झाल्यावर होतंय: गरम तेल पातळ होतं, आणि बारीक चिरेतून गळायला त्याला तेवढं पुरतं.

याच्या उलट सगळेच गिअर घसरत असतील तर एकेका क्लचच्या मागं लागू नका. तिथं तेल, फिल्टर, पंप, प्रेशर रेग्युलेटर बघा. फिल्टरच्या नळीवरची ओ-रिंग बसवायची राहिली, किंवा जुनी आत चिकटलेली असताना वर नवी बसवली, की पंप हवा ओढतो. न्यूट्रलमध्येही रेसबरोबर वाढणारं कण्हणं ऐकू आलं तर इकडंच बघा. कन्व्हर्टर पंपाच्या खाचेत पूर्ण न बसवता बोल्टांनी हाऊसिंग ओढून घेतलं असेल तर पंपाचा गिअर पहिल्याच दिवशी फुटतो. कन्व्हर्टर बसवताना तो टप्प्याटप्प्यानं आत उतरतो. शेवटचा टप्पा बसला की नाही हे अंदाजानं सोडायचं नाही, हाऊसिंगच्या कडेपासून खोली मोजायची.

प्रेशरची चाचणी करायला पोर्ट असेल तर तिथं निदान ३०० पीएसआयचं (दाबाचं एकक) गेज लावा, रिव्हर्सला दाब खूप चढतो. सगळीकडं कमी दाब म्हणजे पंपाची बाजू, एकाच स्थितीत कमी म्हणजे त्या वाटेवरची गळती. स्टॉल टेस्ट (ब्रेक दाबून, गिअरमध्ये ठेवून पूर्ण रेस देणं) मी दाब बघितल्याशिवाय नव्या बॉक्सवर करत नाही. केलीच तर पाच सेकंदांच्या आत, समोर कुणी उभं नको, आणि नंतर न्यूट्रलमध्ये गार होऊ द्यायचं.

बॉक्सखालचं तेलाचं चेंबर सगळ्यात शेवटी उघडायचं. त्यातल्या लोहचुंबकावर राखाडी मऊ लेप असेल तर घाबरू नका, नवे भाग एकमेकांत बसताना तेवढं निघतं. टोचणारे लोखंडी तुकडे, पितळी चकाकी, कागदी थराचे पापुद्रे दिसले तर बॉक्स उतरवायचाच.

उतरवला तर कूलर विसरू नका. हे मी स्वतःच्या पैशानं शिकलोय. सुरुवातीच्या काळात एकच बॉक्स मी दोनदा बांधला आणि दोन्ही वेळा महिन्याच्या आत प्लेटा जळाल्या. सील बघितली, प्लेटांमधलं अंतर बघितलं, सगळं बरोबर. तिसऱ्यांदा कूलर कापून बघितला. आत पहिल्या बिघाडाचा भुगा चिखलासारखा बसलेला. तेल नीट गार होत नव्हतं, आणि घाण परत बॉक्समध्ये येत होती. गिऱ्हाइकाची दोन महिन्यांची हलाखी माझ्यामुळं झाली, याचं मला अजून वाईट वाटतं. आता परतीचा पाइप सोडून बाटलीत तेल मोजतो. ढोबळमानानं आयडलला (रेस न देता) अर्ध्या मिनिटात लिटरभर यायला हवं, पण कंपनीचा आकडा असेल तर तोच धरायचा. थर्मोस्टॅट असलेल्या कूलरला तेल गरम करूनच मोजा. धार बारीक असेल तर धुण्यात वेळ घालवू नका, कूलर बदला.

गुरुजींचा बॉक्स उतरवला तेव्हा तो क्लच खोलण्याआधी त्याच्या तेलाच्या भोकातून कमी दाबाची हवा सोडली. प्लेटा दाबणारा बरा पिस्टन "ठप्प" असा बसतो. हा नुसता फुसफुसला. पिस्टनच्या सीलची कड एका जागी दुमडून चिरलेली निघाली. आत ढकलताना खाचेच्या कडेला लागली होती. नवं सील तेल लावून, पातळ पत्र्याच्या पट्टीनं कड आत वळवत बसवलं. नव्या प्लेटा तासभर तेलात भिजवल्या, अंतर फिलर गेजनं मोजलं, हवा सोडली: ठप्प. कूलर नवा टाकला, शिकवण पुसली, पालीपर्यंत दोन फेऱ्या आणि मग घाट.

पाचशे किलोमीटरनंतर गुरुजींना परत बोलावलं होतं. चेंबर उघडलं, चुंबकावर फक्त राखाडी लेप होता. तो पुसला, तेल बदललं, आणि तारीख-किलोमीटर वहीत लिहून घेतले.