कॅम्पग्राउंडवरील साध्या लाकडी केबिनमध्ये मुक्काम कसा करावा

अमेरिकेतील कौटुंबिक कॅम्पग्राउंडवर मिळणारी साधी केबिन तंबूपेक्षा सोयीची असली, तरी हॉटेलच्या खोलीची अपेक्षा ठेवून तिथे जाऊ नये. १९६२ साली मॉन्टानातील बिलिंग्ज येथे सुरू झालेल्या ‘केओए’ (कॅम्पग्राउंड्स ऑफ अमेरिका) या कॅम्पग्राउंडच्या साखळीचेच उदाहरण घ्या. तिच्या ‘कॅम्पिंग केबिन’मध्ये पलंग, गाद्या आणि वीज असते, पण स्वच्छतागृह नसते, ते हवे असल्यास ‘डिलक्स केबिन’ घ्यावी लागते. भारतातून आलेले आईवडील सोबत असतील, तर रात्री-अपरात्री अंधारात चालत जाणे त्यांना झेपेल का, याचा विचार आरक्षणापूर्वीच करावा. आवाराचा नकाशा पाहून सामाईक स्वच्छतागृहाजवळची केबिन मागून घ्यावी आणि दुमजली पलंगांखेरीज मोठा पलंग आहे ना, हेही विचारावे.

चादरी, उशा, पांघरुणे आणि टॉवेल बहुधा आपणच न्यावे लागतात. न्हाणीघरात घालायला रबरी चपला आणि प्रत्येकासाठी विजेरी असावी.

खरी तयारी लागते ती स्वयंपाकाची. आत शिजवण्यास सहसा मनाई असते, त्यामुळे सारे काही बाहेरच्या टेबलावर, गॅसच्या छोट्या शेगडीवर करावे लागते. भाज्या घरीच चिरून, मसाले एकत्र करून आणि थेपले किंवा दशम्या बांधून नेल्यास पहिली संध्याकाळ धावपळीत जात नाही. पाऊस आला तरी कोळशाची शेगडी किंवा कॅम्पिंगचा स्टोव्ह केबिनमध्ये मुळीच पेटवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच जीव जाऊ शकतो. अस्वलांच्या प्रदेशात अन्न, तसेच टूथपेस्टसारख्या वासाच्या वस्तू कुठे ठेवायच्या, याचे नियम जागेनुसार बदलतात, म्हणून पोहोचताच कार्यालयात चौकशी करावी.

शेकोटीसाठी घरामागचे सरपण गाडीत भरून नेऊ नये. २००२ साली मिशिगनमध्ये आढळलेली, ॲश वृक्ष पोखरणारी पाचूरंगी कीड बऱ्याच अंशी अशा लाकडातून दूरवर पसरली आणि तिने कोट्यवधी झाडे मारली. न्यूयॉर्क राज्यात तर उष्णताप्रक्रिया न केलेले सरपण ५० मैलांपलीकडे नेण्यास कायद्यानेच बंदी आहे. लाकूड तिथेच विकत घ्यावे. थोडे महाग पडले, तरी ज्या झाडांच्या सावलीसाठी आपण जातो, ती जगवण्यापुढे तो खर्च काहीच नाही.

रात्री साधारण दहानंतर शांतता पाळावी लागते, म्हणून गाण्यांच्या भेंड्या लवकर सुरू कराव्यात. झोपण्यापूर्वी शेकोटीवर भरपूर पाणी ओतून राख काठीने ढवळावी, हाताची मागची बाजू जवळ नेऊन ऊब तपासावी आणि ती जाणवल्यास पुन्हा पाणी ओतावे.