‘रोगप्रतिकारक’ बियाणं घेतलं तरी काकडी-कलिंगड का जातं? या चुका टाळा

पाकिटावर रोगप्रतिकारक छापलंय म्हणून निवांत बसायचं आणि प्लॉट पिवळा पडला की दुकानदाराच्या नावाने शिमगा, हे दर पावसाळ्यात चालू असतं. दरवेळी बियाणं बोगसच असतं असं नाही. सगळ्या रोगांना पुरून उरेल असं वाण अजून कुणी काढलेलं नाही, प्रतिकार असतो तो ठरावीक रोगाला आणि कित्येकदा त्या रोगाच्या ठरावीक रेसला, म्हणजे उपप्रकारालाच. म्हणून ‘चांगलं कुठलं’ असं विचारू नका, केवड्याचं काय, भुरीचं काय, व्हायरसचं काय, मर रोगाचं काय असं एकेक नाव घेऊन विचारा. कंपन्यांच्या माहितीपत्रकात एचआर, आयआर असे कोड असतात, एचआर म्हणजे जोरदार प्रतिकार आणि आयआर म्हणजे मध्यम, म्हणजे रोग येणारच पण कमी येणार, फवारणी लागणारच.

आणि हा प्रतिकार कायमचा नसतो. कॅलिफोर्नियात भुरीने खरबुजाची वाट लावली तेव्हा भारतातून नेलेल्या खरबुजाशी संकर करून १९३६ ला पीएमआर ४५ हे वाण आणलं, १९३८ लाच त्यावर भुरीची नवी रेस आली! गावभर वर्षानुवर्षं एकच हायब्रीड लावायची रिस्क ती हीच. आपल्याच खरबुजांतून, काकड्यांतून बाहेरच्या ब्रीडरनी प्रतिकार उचलला आणि आपण गावरान बी टाकून देतो, याचं फार वाईट वाटतं.

दुसरी मोठी चूक, केवडा आणि भुरीत गल्लत. सकाळी दव असताना पान उलटं करून बघा. वरून पिवळे, शिरांच्या मधे अडकल्यासारखे कोनाकोनाचे डाग आणि खाली करडी-जांभळट लव दिसली तर केवडा, पीठ शिंपडल्यासारखं पांढरं असेल तर भुरी. हेक्झाकोनॅझोलसारखी भुरीची औषधं केवड्यावर चालत नाहीत, पैसे वाया जातात आणि तोवर केवडा पूर्ण प्लॉटभर. केवड्यावरचं मेटॅलॅक्झिलवालं औषधही सारखं सारखं मारू नका, इस्रायलमध्ये १९८० च्या आसपासच काकडीचा केवडा त्याला दाद देईनासा झाला होता. गंधक भुरीला चांगलं पण कडक उन्हात नको, खरबुजाची पानं भाजतात. औषध घेताना लेबलवर आपलं पीक आहे का तेवढं बघत जा.

व्हायरसचं म्हणाल तर मोझॅक, म्हणजे पानावर पिवळे-हिरवे चट्टे, दिसल्यावर कीटकनाशक मारून उपयोग नाही, मावा ही रस शोषणारी कीड काही सेकंदांत व्हायरस टोचून पुढच्या वेलीवर गेलेला असतो, औषधाने तो मरेपर्यंत काम झालेलं असतं. सुरुवातीलाच सिल्व्हर मल्चिंग म्हणजे गादीवाफ्यावर चंदेरी कागद, कडेने मका किंवा ज्वारी दाट, आणि लागवडीपासून वेलींवर क्रॉप कव्हरचं पातळ कापड. फक्त मादी फुलं दिसायला लागली की कव्हर काढा, नाहीतर मधमाशी आत जाणार कशी आणि फळ धरणार कसं? व्हायरसची वेल दिसली की लगेच उपटून लांब नेऊन गाडा, जीव होत नाही पण करावं लागतं.

मर रोगात वेल सुकली की पाणी वाढवतात, तसं करू नका. बुडाशी खोड उभं चिरून बघा, आत तपकिरी रेघ असेल तर फ्युजेरियम ही मातीतली बुरशी, त्या रानात काही वर्षं तेच पीक नको. दुधी भोपळ्यावर कलम केलेली कलिंगडाची रोपं या मरीला तोंड देतात, पण मुळांना गाठी असतील तर तो सूत्रकृमी, म्हणजे मुळात शिरणारा बारीक जंत, तिथे दुधीचं खुंटही टिकत नाही.

आता घरचं बी. हायब्रीडचं बी धरलं की पुढच्या पिढीत गुण फुटतात, प्रतिकार काही वेलींतच राहतो. बी धरायचं तर सरळ, म्हणजे हायब्रीड नसलेल्या वाणाचं धरा, उदाहरणार्थ बंगळूरच्या आयआयएचआर या फळ-भाजी संशोधन संस्थेचं अर्का माणिक कलिंगड, जे भुरी, केवडा, करपा या तिन्ही रोगांना बऱ्यापैकी तग धरतं. पण शेजारी दुसरं कलिंगड असेल तर मधमाशी मिसळणारच, म्हणून आदल्या संध्याकाळी उद्या उमलणारी नर-मादी फुलं कागदी पिशवीने झाका, सकाळी त्याच वाणाचं नर फूल मादीवर घासा, परत झाका आणि फळाला दोरा बांधून ठेवा. हंगाम संपताना उरलेलं वाकडं फळ बियाला ठेवायची सवय सोडा, मोझॅकवाल्या वेलीचं तर नकोच, काही व्हायरस बियातूनही जातात. वारा ज्या दिशेला वाहतो त्या कडेला एक ओळ बिनफवारणीची सोडा, सगळीकडे औषध मारलं तर कुठली वेल स्वतःच्या दमावर हिरवी राहते ते कळत नाही, आणि बी त्याच वेलीचं हवं.