जुनी लाकडी यॉट बघताना तिचं डिझाइन कसं वाचायचं

जुनी लाकडी यॉट समोर आली की सगळ्यांची नजर आधी वार्निशवर जाते, पण ते परत परत नवीन लावलेलंच असतं, त्यावरून काहीच कळत नाही. त्यापेक्षा बाजूला उभं राहून पुढचं आणि मागचं टोक पाण्यावर किती पुढे आलंय ते बघा. डोराड नावाची यॉट घ्या ना, ऑलिन स्टीफन्स या अमेरिकन डिझायनरने विशीत असताना डिझाइन केलेली, 1930 ची. एकूण लांबी 52 फूट आणि पाण्याच्या रेषेवर मोजली तर 37 च्या आसपास, म्हणजे जवळजवळ 15 फूट बोट पाण्याच्या वरच! हे नुसतं सौंदर्यासाठी नव्हतं. रेसचे नियम बोट सरळ उभी असताना पाण्यावरची लांबी मोजायचे, लांबी जास्त तर हँडिकॅप (म्हणजे वेळेच्या हिशोबातला तोटा) जास्त, पण वाऱ्याने बोट कलली की ती टोकं पाण्यात येतात, लांबी वाढते आणि लांबीबरोबर टॉप स्पीडही वाढतो (लांबी फुटात घेऊन तिचं वर्गमूळ काढा, साधारण 1.34 ने गुणा, आले नॉट्स, म्हणजे तासाला सागरी मैल). मला तर हे सगळ्यात भारी वाटतं, अख्खा आकारच नियमातून आलाय.

मग रुंदी बघा. डोराड फक्त 10 फूट 3 इंच, अरुंद आणि खोल, उभी राहते ती खाली कीलमधल्या (तळाच्या कण्यातल्या) शिशाच्या जोरावर. आणि 1931 मध्ये अटलांटिक रेसमध्ये बाकीच्यांच्या दोन दिवस आधी पोचली, मोठ्या बोटींनाही मागे टाकून.

शिडावरून वय ठरवायची घाई करू नका. वर तिरकी काठी असलेलं चौकोनी शीड म्हणजे गॅफ, उंच त्रिकोणी म्हणजे बर्म्युडा, पण कितीतरी जुन्या बोटींची शिडं नंतर बदललीयत. पुढच्या टोकाला कोरलेला सोनेरी ड्रॅगन दिसला तर मात्र स्कॉटलंडमधल्या फेअरली गावच्या फाइफ या बोटी बांधणाऱ्या घराण्याची बोट असायची शक्यता खूप.

डेकवर खोक्यावर बसवलेलं कर्ण्यासारखं तोंड दिसतं ना, ते डोराड व्हेंट, म्हणजे केबिनमध्ये हवा घेणारा झरोका. केबिनमध्ये जाणारा पाइप तोंडाच्या बरोबर खाली नसतो, बाजूला असतो आणि खोक्यात थोडा वर आलेला, त्यामुळे लाटेचं पाणी खालच्या भोकांतून बाहेर आणि हवा तेवढी आत.

शेवटी फळ्यांचे सांधे. ओळीने गंजाचे ओघळ असतील तर आत लोखंडी खिळे आहेत, तिथे एखादा खिळा काढून बघितल्याशिवाय खरेदीची बोलणी करू नका.