पतसंस्थेत खातं आहे? या चुका टाळा

कोल्हापुरात राजारामपुरी असो की लक्ष्मीपुरी, पतसंस्थेच्या काउंटरवर अडणारी बहुतेक कामं एकाच समजुतीपायी अडतात: पतसंस्था म्हणजे छोटी बँकच. तसं नाही. ती १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली, सहकार खात्याच्या देखरेखीत चालते. बँकेतल्या ठेवीला असणारं ५ लाखांपर्यंतचं विमा संरक्षण इथं नाही. जादा व्याजासाठी सगळी पुंजी एकाच संस्थेत ठेवू नये.

सगळ्यात जास्त घोळ चेकचा. पतसंस्था स्वतः क्लिअरिंगमध्ये, म्हणजे बँकांच्या आपसात चेक वटवण्याच्या व्यवस्थेत, नसते. तिचं खातं असलेल्या बँकेमार्फत तुमचा चेक वटतो. त्यातही चेकवर ‘अकाउंट पेयी’ असेल, तर बँकेला तो सभासदासाठी ५० हजारांपर्यंतच घेता येतो. मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यानं ८० हजारांचा असा चेक दिला, तर तो आधी स्वतःच्या बँक खात्यात भरा आणि मग रक्कम पतसंस्थेकडे वळवा. वळवताना पतसंस्थेच्या पासबुकावरचा खाते क्रमांक टाकू नका. संस्थेनं लेखी दिलेला क्रमांक आणि आयएफएससीच वापरा, यूटीआर (व्यवहाराचा संदर्भ क्रमांक) जपून ठेवा. गॅस अनुदान जमा व्हायलाही बँक खातंच लागतं, पतसंस्थेचं चालत नाही.

“मुदत संपली, रोखच द्या” हा आग्रहही चालत नाही. ठेव व्याजासह २० हजार किंवा त्याहून जास्त असेल, तर आयकर कायद्यामुळे संस्थेला ती रोख परत करता येत नाही. काउंटरवरचा कर्मचारी नाही म्हणतो तो अडवणूक म्हणून नव्हे. रकमेचे तुकडे करूनही उपयोग नाही, कारण तुमच्या नावावरच्या ठेवी एकत्र मोजल्या जातात.

पिग्मीत, म्हणजे एजंटकडे रोज थोडीथोडी भरायच्या ठेवीत, पैसे दिले की मशीनची स्लिप तिथंच घ्या. एजंट ओळखीचा असला तरी सही केलेली कोरी विड्रॉल स्लिप त्याच्याकडे ठेवायची नाही, हे तर सांगायलाच नको, तरी लोक ठेवतात. महिन्यातून एकदा शाखेत जाऊन खातेउतारा स्लिपांशी ताडून पाहा. मुदतीआधी पिग्मी मोडल्यास व्याज किती बुडेल, कमिशन कापणार का, हे खातं उघडतानाच विचारा. प्रत्येक संस्थेचा नियम वेगळा.

मित्राच्या कर्जाला जामीन राहताना एवढं ध्यानात असू द्या: थकबाकी झाली तर सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला (थकीत रक्कम वसूल करायचा सरकारी आदेश) जामीनदारावरही निघतो.

बचत खात्याला वारस लावला म्हणून ठेवपावतीलाही लागला, असं धरून चालू नका. पावतीवर नाव छापलंय का ते पाहा.

तक्रार असेल तर आधी शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. दाद लागली नाही तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे जा. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे पतसंस्थेची तक्रार चालत नाही.