डिझेल गाडीचा डीपीएफ चोंदला तर काय कराल?

एप्रिल २०२० पासून देशात बीएस ६ हे धुराच्या प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि डिझेल गाड्यांना डीपीएफ, म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर आला. धुरातली काजळी हा फिल्टर अडवून धरतो आणि साधारण ५५० ते ६०० अंश सेल्सिअसला जाळून टाकतो. कोथरूडहून हिंजवडीला रखडत जाणाऱ्या गाडीत तेवढी उष्णता तयारच होत नाही. त्यात काजळी जळत असतानाच आपण पार्किंगमध्ये चावी बंद करतो.

आधी दिवा नीट बघा. फक्त डीपीएफचा पिवळा दिवा असेल आणि पिकअप ठीक असेल, तर गाडी पळवून काम भागू शकतं. सोबत चेक इंजिनचा दिवा असेल किंवा गाडी रेसच घेत नसेल, तर हायवेचा नाद सोडा आणि गॅरेज गाठा.

निघण्याआधी इंजिन ऑइलची पातळी दाखवणारी डिपस्टिक काढा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मला तीच सगळ्यांत महत्त्वाची वाटते. फिल्टर तापवण्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडतं. काम वारंवार अर्धवट राहिलं की त्यातलं काही डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. पातळी वरच्या खुणेच्याही वर गेली असेल, ऑइल पातळ लागत असेल, डिझेलचा वास येत असेल, तर आधी ऑइल बदला. तशा ऑइलवर गाडी पळवणं म्हणजे इंजिनाशी खेळ.

मग टाकी निदान अर्धी भरा आणि रविवारी पहाटे किवळ्याहून एक्स्प्रेसवेला लागा. एक गिअर खाली ठेवून, २,००० च्या वर आरपीएम राखत, वेगमर्यादेत २०-२५ मिनिटं सलग चालवा. अचूक वेग आणि वेळ गाडीच्या पुस्तकात दिलेली असते. दिवा गेला तरी लगेच थांबू नका. थांबल्यावर आरपीएम नेहमीपेक्षा जास्त वाटला, पंखा जोरात फिरत असला, गरम वास आला, तर काजळी अजून जळतेय. अशा वेळी इंजिन बंद करू नका आणि वाळल्या गवतावर गाडी उभी करू नका.

तरीही दिवा राहिला, तर मेकॅनिक स्कॅनर लावून उभ्या गाडीत रिजनरेशन करतो, म्हणजे काजळी जाळतो. त्याआधीचं आणि नंतरचं काजळीचं रीडिंग मागून घ्या. फिल्टर कशामुळे चोंदला, हेही विचारा. ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), इंजेक्टर, टर्बोतून गळणारं ऑइल किंवा प्रेशर सेन्सरची फाटलेली नळी, यातलं काही तसंच राहिलं तर साफसफाईचे पैसे पाण्यात.

राखेचं मात्र वेगळं. ती इंजिन ऑइलमधून येते आणि कितीही तापवली तरी जळत नाही. जास्त चाललेल्या गाडीचा फिल्टर उतरवून खास मशीनवरच साफ करावा लागतो. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप त्यावर मारू देऊ नका, आतलं सिरॅमिक तडकतं. फिल्टर परत बसवल्यावर गाडीच्या कॉम्प्युटरमधली राखेची नोंद शून्य करून घ्या.

‘फिल्टर पोकळ करून देतो’ म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा. ते कायद्यात बसत नाही आणि ती काजळी आपल्याच पोरांच्या छातीत जाते.

पुढच्या सर्व्हिसला गाडीच्या पुस्तकातला ऑइलचा ग्रेड डब्यावरच्या ग्रेडशी स्वतः ताडून बघा. डीपीएफच्या गाडीला कमी राख करणारंच ऑइल लागतं.