आधी दाराखालचा पत्रा, मग इंजिन

वर्षानुवर्षं शेडमध्ये पडून राहिलेली जुनी स्पोर्ट्स कार दाखवताना मालक सुरुवात इंजिनापासून करतो. "इंजिन फ्री आहे," किंवा "इंजिन जाम आहे, बाकी गाडी बरी आहे." मी पत्र्याचं काम करतो. इंजिनाचं ऐकून घेतो, पण गाडी दुरुस्त करून पुन्हा उभी करायची की नाही हे तिथे ठरत नाही. इंजिन उतरवता येतं, खोलता येतं, अगदीच गेलं तर दुसरं बसवता येतं. सांगाडा कुजला असेल तर गाडीच नव्याने बांधावी लागते. म्हणून बॉनेट उघडायच्या आधी जमिनीवर आडवं व्हा.

सोबत चांगला टॉर्च, बोथट स्क्रू ड्रायव्हर, छोटा आरसा आणि मऊ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक घ्या. चुंबक फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) खालच्या कडेने, चाकाच्या कमानीवरून आणि दाराच्या तळाशी हळूहळू फिरवा. जिथे पकड सुटते तिथे रंगाखाली लांबी, म्हणजे खड्डे बुजवायचा लेप, भरलेली आहे. लांबी म्हणजे लगेच फसवणूक असं नाही, पण किती जागी आणि किती जाड आहे ते लिहून ठेवा.

मग गाडीची बांधणी कोणती ते पाहा, कारण गंजाचा अर्थ त्यावर ठरतो. ट्रायम्फ टीआर६ला वेगळी चॅसी, म्हणजे बॉडीखालचा स्वतंत्र सांगाडा, आहे. बॉडीला भोकं पडली तरी चॅसी धड असेल तर काम आवाक्यात राहतं. तिथे बघायचं ते मागच्या बाजूला, डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी) आणि ट्रेलिंग आर्म (मागचं चाक धरणारा दांडा) जिथे चॅसीला धरतात त्या जागा. लोटस इलानची बॉडी फायबरग्लासची, त्यामुळे वरून गंज दिसतच नाही. तिचा जीव आतल्या पोलादी कण्याच्या चॅसीत असतो. जॅग्वार ई-टाइपच्या पुढच्या नळ्यांची फ्रेम आतून गंजते, म्हणून बाहेरच्या ताज्या रंगावर भिस्त ठेवू नका. पोर्शे ९११ची बॉडी १९७६च्या मॉडेलपासून जस्ताचा थर दिलेल्या पत्र्याची झाली. त्याआधीच्या गाड्या फार बारकाईने तपासाव्या लागतात.

एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं उदाहरण जरा सविस्तर सांगतो. ही गाडी १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांच्या वर बनली, त्यामुळे पडक्या अवस्थेत हीच वारंवार समोर येते. हिला वेगळी चॅसी नाही. दोन्ही दारांखालचे सिल हेच हिचे खांब आहेत, आणि छत नसलेल्या मॉडेलमध्ये तर सगळा भार त्यांच्यावर. सिल एका पत्र्याचा नसतो; बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि मधे एक उभा पडदा. बाहेरचा पत्रा पुढे फेंडरच्या आत शिरतो. नीट बदलायचा तर फेंडर काढावा तरी लागतो, नाहीतर त्याचा खालचा भाग कापावा लागतो. हे कष्ट टाळायला पुष्कळ जण कुजक्या सिलवरच नवा पत्रा चढवून वेल्डिंग मारतात. ओळखायचं कसं? दाराच्या पुढच्या कडेच्या बरोबर खाली, फेंडर आणि सिल जुळतात तिथे, एक उभा जोड दिसायला हवा. तिथे सलग गुळगुळीत पत्रा असेल तर आत जुना गंज तसाच आहे असं धरून चाला.

पुढची परीक्षा जॅकची. दार बंद ठेवून त्याच्या मागच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत बघा, शक्य असेल तर फोटो काढा. मग एक बाजू जॅकवर थोडीशीच उचला. फट कमी-जास्त झाली किंवा दार उघडताना घासू लागलं तर बॉडी मधे वाकते आहे. लगेच खाली घ्या. जॅक टेकवताच पत्रा कुरकुरला तर उचलूच नका, आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही जाऊ नका. बॉडी अशी वाकणारी निघाली तरी ती वाचवता येते, पण सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे आधार मारून माप पक्कं धरावं लागतं. हे काम दोन-चार ठिगळांचं नव्हे. त्याचा अंदाज वेल्डरकडून वेगळा घ्या.

बाकी गंज पाणी साचतं तिथे शोधायचा: गालिच्याखालची फरशी, पुढच्या काचेच्या चौकटीचा पाया, स्प्रिंग आणि सस्पेन्शन धरणाऱ्या जागा, बॅटरीची पेटी. एमजीबीत ही पेटी सीटच्या मागे असते. गालिचा उचलल्याशिवाय होकार देऊ नका.

आता इंजिन. जाम असलं तर घाबरू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये गंज सोडवणारं तेल घाला आणि काही दिवस तसंच मुरू द्या. गिअर न्यूट्रलला ठेवून क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुलीच्या बोल्टवर पाना लावा आणि मागे-पुढे हलकेच हलवून बघा. सेल्फ मारून जाम इंजिन सोडवायला जाऊ नका. फिरलं तरी लगेच सुरू करायचं नाही. टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, इंजिन ऑइल बदला, प्लगशिवाय फिरवून ऑइलचं प्रेशर आलेलं पाहा. ब्रेकचे सिलिंडर, रबरी नळ्या, टायर यांच्या अवस्थेवरून निर्णय घेऊ नका. हे सगळं बदलायचंच, म्हणून सरळ खर्चात धरा. टायरची नक्षी कितीही छान दिसो, कडेवरचा चार आकडी कोड वाचा. पहिले दोन आकडे आठवडा, नंतरचे दोन वर्ष. तीनच आकडे असतील तर टायर २०००च्या आधीचा.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती आधीच खोलून ठेवलेल्या गाडीची. मोडका भाग हातात असेल तर त्यावरून नवा घडवता येतो. हरवलेल्या भागाचा आकारसुद्धा कळत नाही. त्यामुळे खोकी उघडून यादी करा. मागच्या दिव्यांच्या काचा, क्रोमच्या पट्ट्या, मीटर, कापडी हुडची फ्रेम, दाराची कुलपं, पुढची काच आणि तिची चौकट. एमजीबीसारख्या गाडीचं जवळपास सगळं नव्याने मिळतं. ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीने तर १९८८पासून तिची अख्खी बॉडी पुन्हा बनवायला घेतली. थोड्या संख्येने बनलेल्या गाडीत मात्र एक दिव्याची काच सगळं काम अडवून ठेवू शकते. अशी गाडी घेण्याआधी न मिळणारे भाग कुठे मिळतील ते शोधून काढा, गाडी आणल्यावर नव्हे.

चॅसी नंबर आणि कागद जुळतात का ते स्वतः वाचून पडताळा. नंबरची पट्टी नवीन रिव्हेट मारून बसवलेली दिसली तर उलगडा होईपर्यंत थांबा.

मग हिशेब. पत्रा, रंग, यंत्रकाम, क्रोम, आतली सजावट, वायरिंग यांचे वेगवेगळे अंदाज मांडा आणि बेरजेशेजारी त्याच मॉडेलच्या चांगल्या, चालत्या गाडीची किंमत लिहा. कुजक्या गाडीत बेरीज बहुतेक वेळा जास्तच निघते. नुसती गाडी चालवायची हौस असेल तर तयार गाडी घ्या, हे मी गिऱ्हाईक गमावूनही सांगतो. मात्र ती घरातलीच गाडी असेल, मूळ इंजिन आणि मूळ रंग टिकून असेल, किंवा पत्रा ठोकण्यातच तुम्हाला आनंद असेल, तर बेरीज जास्त आली तरी काम हाती घ्यायला हरकत नाही. त्यासाठी छप्पर असलेली जागा मात्र हवी. सुटी केलेली गाडी दोन गाड्यांची जागा खाते.

होकार असेल तर पहिला खर्च पत्र्यावर करा. रंग आणि सीट शेवटी. नकार असेल किंवा अजून ठरत नसेल, तर गाडी सुटी करू नका. अख्खी गाडी दुसरा कोणीतरी उभी करू शकतो. तोवर ओला गालिचा बाहेर काढा, बॅटरी उतरवा, सायलेन्सरच्या तोंडाला उंदीर शिरणार नाही अशी जाळी बसवा. प्लास्टिकचं कापड टाकू नका, त्याखाली दमट हवा कोंडते. हवा खेळेल असं सुती आच्छादन घाला आणि काचा बोटभर खाली ठेवा.