ब्रेक लाइट पेटत नाही, किंवा विझतच नाही? आधी पेडलपाशी वाकून बघा

ब्रेक लाइट गेल्याचं गाडी चालवणाऱ्याला सहसा कळत नाही. कळतं ते मागून येणाऱ्याला, तेही अगदी जवळ आल्यावर. म्हणून हे काम पुढच्या सर्व्हिसिंगवर ढकलू नका. बहुतेक वेळा दोष छोटा असतो आणि घरच्या घरी सापडतो.

डॅशबोर्डखाली, पेडलच्या दांड्याजवळ, एका पट्टीवर लहानसा प्लॅस्टिकचा स्विच असतो. पेडल मोकळं असताना दांडा त्याची पिन आत दाबून धरतो, आणि दिवे बंद राहतात. पेडल दाबलं की दांडा दूर जातो, पिन बाहेर येते आणि दिवे पेटतात. म्हणजे पिन दाबलेली असेल तर दिवा बंद. एवढं डोक्यात पक्कं ठेवलं की पुढचं सोपं जातं.

बऱ्याच नव्या गाड्यांत हाच स्विच इंजिनाच्या कॉम्प्युटरलाही खबर देतो. त्यामुळे बटण दाबून गाडी सुरू होत नसेल, ऑटोमॅटिक गिअर ‘पी’मधून निघत नसेल किंवा क्रूझ कंट्रोल लागत नसेल, तर इथेही नजर टाका.

सुरुवात मागून करा. सोबत कोणी नसेल तर मोबाइल मागे ठेवून व्हिडिओ लावा आणि पेडल दाबा. एकाच बाजूचा दिवा बंद असेल तर बल्ब किंवा होल्डर बघा. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणत असेल तर अर्थिंग खराब आहे. सगळेच दिवे बंद असतील तर आधी फ्यूज. नवा फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा घ्या. तोही उडाला तर वायरिंगमध्ये शॉर्ट आहे. मोठा फ्यूज घालून वेळ मारून नेऊ नका, वायर जळेल.

फ्यूज चांगला निघाला, किंवा दिवे विझतच नसले, तर आता पेडलपाशी. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद. टॉर्च घेऊन खाली वाका.

दिवे विझत नसतील तर पिन बोटाने आत दाबून बघा. विझले? मग स्विच ठणठणीत आहे. दांड्यावर जिथे पिन टेकते तिथे रबराची किंवा प्लॅस्टिकची छोटी गुंडी असते. ती जुनी झाली की ठिसूळ होऊन फुटते, मग मोकळ्या भोकातून पिन आरपार जाते आणि दिवे रात्रभर जळत राहतात. सकाळी बॅटरी उतरलेली. पायाखालच्या मॅटवर प्लॅस्टिकचा चुरा दिसला तर निदान तिथेच झालं. कित्येकदा या गुंडीसाठी चांगला स्विच बदलला जातो, याचं फार वाईट वाटतं. नवी गुंडी मिळेपर्यंत त्या भोकात योग्य मापाचा नट-बोल्ट घट्ट बसवला तरी काम भागतं.

दिवे पेटतच नसतील तर कनेक्टर काढून मल्टिमीटर लावा. गाडीकडून येणाऱ्या एका वायरवर सुमारे 12 व्होल्ट मिळायला हवेत. काही गाड्यांत त्यासाठी चावी फिरवावी लागते. मग मीटर बीपच्या (कंटिन्युइटी) सेटिंगवर घेऊन स्विचची दिव्याच्या सर्किटची दोन टोकं तपासा: पिन बाहेर असताना मीटर वाजला पाहिजे, दाबल्यावर थांबला पाहिजे. चार टोकांच्या स्विचमध्ये दुसरी जोडी बहुधा याच्या उलट चालते, तेव्हा गोंधळू नका.

नवा स्विच आटेवाला असेल तर लॉकनटने अंतर जुळवा. फिरवून बसणारा असेल तर सहसा पिन पूर्ण बाहेर ओढायची, पेडल दाबून धरायचं, स्विच घालून फिरवायचा आणि पेडल हळू सोडायचं. तरी मॅन्युअल बघून घ्या. पेडल किंचित दाबताच दिवा पेटावा. मात्र स्विच इतका पुढे नको की पेडल पूर्ण वर येणार नाही. तसं झालं तर ब्रेक किंचित लागलेलेच राहतात आणि चाकं तापतात.

वाकलाच आहात तर पेडलही पाहून घ्या. इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा दाबा, कडक झालं की दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) काम करतोय. कडकच राहिलं तर बूस्टर किंवा त्याचा व्हॅक्यूम पाइप दाखवून घ्या. स्पंजासारखं लागत असेल तर लाइनमध्ये हवा असू शकते. दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत असेल तर मास्टर सिलिंडर (पेडलच्या दाबाने ब्रेक ऑइल ढकलणारा पंप) गेलाय किंवा ब्रेक ऑइल कुठेतरी गळतंय. अशी गाडी गॅरेजपर्यंतही चालवू नका, टो करून न्या.